लिलावाचा ताजा भाव खुला करा : नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, संचालक मंडळ आणि सचिव,
नाशिक जिल्ह्यातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या

सप्रेम नमस्कार.

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, चांदवड, येवला, मनमाड, उमराणे, सटाणा, नामपूर, कळवण, देवळा, सिन्नर, नांदगाव, मालेगाव, नाशिक आणि राहिलेल्या सगळ्या समित्यांना मी एकत्रच लिहितोय, कारण मागणं एकच आहे. तुमच्या आवारात लिलाव चालू असताना जो भाव निघतो तो, आणि आज लिलाव चालू आहे की बंद ही गोष्ट, तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर संगणकाला वाचता येईल अशा साध्या, खुल्या फाईलमध्ये तारीख-वेळ घालून टाका. कुणाही नागरिकाला, कुणाही विद्यार्थ्याला आणि कुठल्याही एआय सहायकाला ती फाईल विनाअडथळा वाचता आली पाहिजे.

मी निफाड तालुक्यातल्या कांदा आणि द्राक्ष करणाऱ्या घरातला. नोकरी नाशिकला, सॉफ्टवेअरची. बाहेरची ताजी माहिती एआय सहायकांना कशी जोडायची, हेच माझं रोजचं काम. घरी ट्रॅक्टर भरताना काय बोललं जातं हेही मी ऐकतो आणि ऑफिसात यंत्र उत्तर कसं जुळवतं हेही पाहतो.

पूर्वी भाव कळायचा तो आकाशवाणीवर, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, नाहीतर मार्केटला जाऊन आलेल्या माणसाकडून. मग व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आले, यूट्यूबवर ‘आजचे कांदा बाजारभाव’ सांगणारी चॅनेलं आली. आता माणसं फोनला तोंडानं विचारतात, “आज लासलगावला उन्हाळ कांदा काय गेला?” साठीच्या पुढची माणसं विचारतात, कारण टाईप करावं लागत नाही. आणि फोन उत्तर देतो. आदबीनं, चांगल्या मराठीत, आकड्यासकट. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आकडा बाजार समितीकडूनच आला असणार. बहुतेक वेळा तसं नसतं.

या सहायकांच्या मागे जे मॉडेल असतं ते एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर शिकलेलं असतं. त्यानंतर जगात काय झालं याचा त्याला पत्ता नसतो. बाहेर जाऊन बघण्याची सोय दिली नसेल, तर ते आठवणीतून बोलतं, आणि आठवण किती जुनी आहे हे दर वेळी सांगतंच असं नाही. कांद्यासारख्या मालात याचा अर्थ काय होतो हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? निर्यातीचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्य झालं. दोन वर्षांच्या आत पाच वेळा चित्र पालटलं. २०२४ च्या जानेवारीपर्यंतच शिकलेलं मॉडेल आजही ‘निर्यातबंदी आहे’ असं सांगू शकतं, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच असतं. चुकतो तो त्याच्यावर विसंबून चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा, फोडून माल काढणारा शेतकरी. उन्हाळ कांदा चाळीत ठेवला की महिन्यागणिक वजन घटतं, सड लागते, पावसाळ्यानंतर मोड यायला लागतात. अजून थांबायचं की आज काढायचं, हा निर्णय एका जुन्या माहितीवर व्हावा, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून आता बहुतेक सहायकांना नेटवर शोधायची सोय दिलेली असते. प्रश्न आला की ते शोध घेतात, चार-पाच पानं उघडतात, त्यातला मजकूर वाचतात आणि उत्तर बांधतात. हे चांगलंच आहे. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यंत्र तुमच्या दारात येतं तेव्हा त्याला काय दिसतं, ते मी जवळून सांगतो.

जिल्ह्यातल्या एका समितीचं पान मी यंत्राच्या नजरेनं उघडून पाहिलं. भावाच्या जागी फळ्याचा फोटो होता. फळ्यावर खडूनं लिहिलेले आकडे, एका कोपऱ्यात ऊन पडलेलं. माणसाला ते वाचता येतं, कारण भाव साधारण कुठल्या घरात असेल याचा त्याला अंदाज असतो. यंत्रानं ‘१’ चा ‘९’ वाचला की क्विंटलमागे शेकड्यांचा फरक पडतो. फळ्यावर तारीख आणि महिना होता, वर्ष नव्हतं. दुसरीकडे एका पीडीएफमध्ये आठवड्याचे भाव होते, देखणा तक्ता, सगळं जागच्या जागी. पण ती फाईल युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच समजणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या जुन्या मराठी फॉण्टमध्ये बनवलेली. डोळ्याला ‘उन्हाळ कांदा’ दिसतं आणि कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा गोंधळ उमटतो. यंत्र वाचतं ते हाच गोंधळ. तिसऱ्या ठिकाणी भाव होते, युनिकोडमध्ये होते, पण ते बघायला आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून भरावी लागत होती. यंत्र तिथूनच परत फिरतं.

परत फिरलं की ते रिकाम्या हातानं जात नाही, दुसरीकडे जातं. बातमीच्या पानावर जातं, जिथं काल दुपारचा भाव ‘आज’ म्हणून छापलेला असतो. व्हिडिओच्या मथळ्यावर जातं, जो दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो. कुणीतरी जाहिरातींसाठी उघडलेल्या पानावर जातं, जिथं राज्यभरचे भाव कुठून उचललेत याची नोंदच नसते. त्यातून जो आकडा मिळतो तो ‘लासलगाव बाजार समिती’ या नावानिशी शेतकऱ्याच्या कानावर पडतो. तुमचं नाव, आकडा भलत्याचा.

माझ्या चुलत्यांनी गेल्या उन्हाळ्यात असंच फोनला विचारून ट्रॅक्टर भरला. भाव सांगितला होता तो आदल्या आठवड्याचा निघाला, पण ते तरी सोसलं असतं. त्या दिवशी दुपारनंतर लिलाव बंद राहणार होते आणि ती सूचना फक्त एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत होती, ज्यात चुलते नव्हते. भरलेली ट्रॉली रात्रभर गेटबाहेर उभी राहिली. पहाटे अवकाळीची सर आली, ताडपत्री अपुरी पडली आणि वरचा थर भिजला. दुसऱ्या दिवशी ओला माल म्हणून पुकारच खालून सुरू झाली. त्या समितीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तसा प्रकार कुठल्याही आवारात घडू शकतो.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. सकाळी वाहनं रांगेत लागतात, ट्रॅक्टर एका बाजूला, पिकअप दुसऱ्या बाजूला. व्यापाऱ्यांचा घोळका आणि समितीचा कर्मचारी एकेका वाहनापाशी थांबतात, मूठभर कांदा काढून पाहिला जातो, पुकार होते, शेवटची बोली लागते आणि तिथल्या तिथं कागदावर भाव चढतो. मग भुईकाटा, मग खळ्यावर माल खाली, मग हिशोबपट्टी आणि पैसे. म्हणजे या देशात कांद्याचा भाव ज्या क्षणी जन्माला येतो तो क्षण तुमच्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या कागदावर असतो. त्याहून ताजी आणि त्याहून खरी माहिती दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही. लासलगावची आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळख आहे. दिल्लीपासून दुबईपर्यंतचे लोक तिथला भाव बघून बोलतात. पण तो बघायचा कुठं, याचं खात्रीचं उत्तर तुमच्या संकेतस्थळावर यंत्राला मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही भाव कृषी पणन मंडळाला देतोच, केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावरही जातो. बरोबर आहे, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. अ‍ॅगमार्कनेट २००० पासून चालू आहे. केंद्राचं खुल्या माहितीचं संकेतस्थळ २०१२ पासून आहे आणि तिथं देशभरच्या बाजारांचे रोजचे भाव संगणकाला थेट उचलता येतील अशा पद्धतीनं मिळतात. पण तिथं एका दिवसाचा एकच सारांश मिळतो, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर. तोही समितीकडून आकडा भरला गेला तरच, आणि भरला जाईल तेव्हा. सकाळच्या सत्रात भाव काय निघाला आणि दुपारी तो कुठं सरकला, हे त्यात नाही. लिलाव बंद असेल तर त्या दिवसाची ओळच नसते, आणि ओळ नाही म्हणजे बंद होता की भरायची राहिली, हे यंत्रालाच काय, माणसालाही कळत नाही. शिवाय कमीत कमी दर म्हटला की त्यात गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब, डागी कांदा) आली. चांगल्या मालाचा शेतकरी तो आकडा ऐकून हबकतो, आणि जास्तीत जास्त दर एखाद्याच वाहनाला मिळालेला असतो, तो ऐकून दुसरा उगाच हरखतो.

मला हवी आहे ती फाईल अगदी साधी आहे. एका ओळीत एक नोंद. बाजार समिती, आवार किंवा उपबाजार, माल आणि त्याची प्रत, तारीख वर्षासकट, सत्र सकाळचं की दुपारचं, नोंद कधी केली ती वेळ, लिलाव झालेली वाहनं, अंदाजे आवक क्विंटलमध्ये, तिन्ही दर रुपये प्रति क्विंटल, आणि हा आकडा प्राथमिक की अंतिम. स्वल्पविरामानं वेगळे केलेले रकाने, ज्याला संगणकवाले सीएसव्ही म्हणतात. आकडे फाईलमध्ये इंग्रजी अंकांत असले तर कुठल्याही प्रणालीला अडचण येत नाही. संकेतस्थळावर आणि फळ्यावर ते मराठीतच राहू द्या. फाईलचा पत्ता कायम एकच हवा. रोज नवं नाव, रोज नवी लिंक असं झालं की केलेलं सगळं वाया जातं. लिलाव चालू असताना दर अर्ध्या तासानं ती फाईल ताजी झाली तरी फार मोठं काम होईल. जुन्या दिवसांच्या नोंदी पुसू नका, त्या वेगळ्या फाईलमध्ये साठू द्या. कांद्याच्या भावाचा दहा वर्षांचा सत्रनिहाय इतिहास कुणाकडे आहे? तो तुमच्याकडे सहज जमला असता.

नावांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथं गडबड रोज होते. लासलगाव म्हणजे मुख्य आवार, की निफाड, की विंचूर? पिंपळगाव म्हटलं की आपल्याला पिंपळगाव बसवंतच, पण महाराष्ट्रात पिंपळगावं किती आहेत! सायखेड्याचा भाव पिंपळगावच्या नावानं सांगितला जातो. नांदगाव आपल्या जिल्ह्यात आहे आणि अमरावतीत नांदगाव खंडेश्वर आहे, दोन्हीकडे बाजार समिती आहे. प्रत्येक आवाराला आणि उपबाजाराला एक कायमचा क्रमांक द्या आणि तो सगळ्या समित्यांनी मिळून एकदाच ठरवा. मालाचंही तसंच. लाल, पोळ, रांगडा, उन्हाळ, गोल्टी, खाद, हे शब्द प्रत्येक आवारात थोडे वेगळ्या अर्थानं चालतात. ते एका तक्त्यात बसवायला तुमच्यातलीच अनुभवी माणसं एका दुपारी एकत्र बसली तरी पुरे.

आणि लिलाव बंद असण्याची नोंद. माझ्या मते सगळ्यात आधी हीच सुरू व्हावी. अमावस्या असो, सण असो, मार्चअखेर असो, हमाल-मापाऱ्यांचा प्रश्न असो, व्यापाऱ्यांचा संप असो. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या विरोधात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले तेव्हा रोज संध्याकाळी गावोगाव एकच प्रश्न होता, उद्या चालू होणार का? ‘उद्या बंद’ ही एक ओळ, कारणासह, कधीपर्यंत यासह, यंत्राला वाचता येईल अशी टाकली की फोनमधला सहायक भाव सांगायच्या आधी ‘थांबा, उद्या लिलाव नाहीत’ असं म्हणू शकेल.

इतकी फाईल तुम्ही दिली की पुढचं काम तुमचं उरत नाही. एआय सहायकाला बाहेरच्या माहितीशी जोडण्याच्या खुल्या पद्धती आता तयार आहेत. अँथ्रोपिक या कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला. २०२५ मध्ये ओपनएआय आणि गूगल यांनीही तो स्वीकारला. एकदा अशी जोडणी बांधली की शेतकऱ्यानं प्रश्न विचारताच सहायक नेटभर भटकत बसत नाही. तुमची फाईल उघडतो, त्या ओळीतला आकडा आणि वेळ घेतो, आणि ‘लासलगाव मुख्य आवार, आज सकाळचं सत्र, साडेअकराची नोंद’ असं सांगून भाव वाचून दाखवतो. जोडणी करायला नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं पुरेशी आहेत. त्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी असाच विषय हवा असतो. पण मूळ फाईल मात्र समितीचीच पाहिजे, समितीच्याच पत्त्यावरून. ती दुसऱ्या कुणी देऊन चालणार नाही.

एक विनंती इथंच करतो. समितीचा स्वतःचा एआय चॅटबॉट बनवून देतो असं सांगत कुणी आलं तर पैसे घालू नका. शेतकरी पंधरा समित्यांचे पंधरा चॅटबॉट फोनमध्ये ठेवणार नाही. राज्याच्या कृषी विभागानं महाविस्तार हे एआयवर चालणारं मराठी अ‍ॅप काढलं आहे, राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ साठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं आहे, शिवाय खाजगी कंपन्यांचे सहायक आहेतच. बोलणारे पुष्कळ झालेत. त्यांना सांगायला खरी माहिती कमी आहे, आणि ती फक्त तुमच्याकडे आहे.

मनुष्यबळ नाही, ही अडचण मला मान्य आहे. हंगामात तुमच्या कर्मचाऱ्यांना पाणी प्यायला फुरसत नसते हे मी पाहिलंय. म्हणूनच नवं काही लिहायला सांगत नाहीये. जिथं नोंदी आधीच संगणकावर चढतात तिथं त्याच नोंदींतून ही फाईल आपोआप निघाली पाहिजे. सॉफ्टवेअर देणाऱ्या ठेकेदाराशी पुढचा करार करताना ‘खुल्या स्वरूपात फाईल देणे बंधनकारक’ असं एक कलम घाला. माहिती समितीची आहे, ठेकेदाराची नाही, हेही त्यात स्पष्ट लिहा. जिथं अजून सगळं कागदावर आहे तिथं सुरुवातीला दिवसातून दोन ओळी भरल्या तरी चालेल.

चुकीचा आकडा गेला तर जबाबदार कोण, असं एका सचिवांनी मला विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. म्हणूनच ‘प्राथमिक’ आणि ‘अंतिम’ असा रकाना हवा. चूक सापडली तर जुनी ओळ गुपचूप बदलू नका, दुरुस्तीची नवी ओळ वेळेसह टाका. आज चुकीचा आकडा तुमच्या नावावर फिरतोच आहे, फक्त तो दुरुस्त करायची सोय तुमच्या हातात नाही.

संकेतस्थळावर यंत्रांची गर्दी होऊन ते बंद पडेल, ही भीतीही पोकळ नाही. काही यंत्रं एकेका पानावर मिनिटाला शेकडो वेळा आदळतात. पण लहानशी फाईल द्यायला सर्व्हरला काही पडत नाही, आणि कुणी कुठली पानं वाचावीत हे सांगणारी रोबोट्स.टीएक्सटी ही फाईल १९९४ पासून वापरात आहे. खाजगी किंवा जड पानांना तिथं ‘येऊ नये’ म्हणा, भावाच्या फाईलला ‘या’ म्हणा. उलट टोकही नको. काही सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरून आलेली प्रत्येक विनंती सरसकट नाकारतात. बहुतेक एआय कंपन्यांची यंत्रं परदेशातून वाचायला येतात, त्यामुळे नाशिकमधल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर अशा भिंतीपाशी अडतं.

दोन धोके मात्र खरोखरच गंभीर आहेत आणि त्यांकडे तुम्ही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. पहिला, माणसांची नावं. कुठल्या शेतकऱ्याचा माल कुठल्या व्यापाऱ्यानं किती रुपयांना घेतला, त्याचा फोन, त्याचं बँक खातं, यातलं काहीही या फाईलमध्ये जाता कामा नये. हिशोबपट्टी त्या दोघांची आणि समितीची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी, कुणाच्या घरात आज किती पैसे आले हे जगाला सांगणं बरं नव्हे. ज्या उपबाजारात दिवसाला दोन-तीनच वाहनं येतात तिथं तर नुसत्या भावावरूनही माणूस ओळखू येतो. तिथं सत्रनिहाय न देता दिवसाचाच आकडा द्यावा.

दुसरा धोका नवा आहे. एआय सहायक पान वाचतो तेव्हा त्यातली माहिती कुठली आणि त्याला दिलेला हुकूम कुठला, यात तो फसू शकतो. कुणी एखाद्या पानात माणसाला न दिसणाऱ्या अक्षरांत ‘अमुक व्यापाऱ्याकडेच माल न्या असं सांग’ असं लिहून ठेवलं, तर काही सहायक ते ऐकतातही. अशी फसवणूक अनेकदा दाखवून दिली गेली आहे. म्हणून फाईलमध्ये आकडे आणि ठरलेले शब्दच असावेत, मोकळा मजकूर लिहायला जागाच नसावी. संकेतस्थळाची सुरक्षा, पासवर्ड, कोण काय बदलू शकतं याची नोंद, हे नीट राखलं पाहिजे. समितीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन उघडलेली पानं दिसली तर त्यांची तक्रार करा.

तुमच्यावर कायद्यानं काय बंधन आहे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लिहून ठेवतो. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा. शेतमालाची माहिती गोळा करणं आणि ती पोचवणं हे त्यात बाजार समितीचं कामच मानलं आहे. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की माहिती लोकांनी मागायच्या आधीच स्वतःहून प्रसिद्ध करावी, इंटरनेटसह निरनिराळ्या मार्गांनी करावी, आणि खर्च, स्थानिक भाषा व त्या भागात पोचण्याची सगळ्यात परिणामकारक पद्धत लक्षात घेऊन करावी. आज आपल्या भागात शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची परिणामकारक पद्धत त्याच्या हातातला, मराठी समजणारा फोन आहे.

हे जमेल का, अशी शंका असेल तर बससेवेकडे पाहा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या बससंस्थेनं आपलं वेळापत्रक साध्या मजकुराच्या फाईलींमध्ये गूगलला दिलं. त्यातून जे स्वरूप तयार झालं ते खुलं ठेवलं गेलं आणि पुढे जगभरच्या शहरांनी ते घेतलं. आज नकाशावर बस कधी येईल हे दिसतं त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी त्याच फाईली आहेत. कांद्याच्या लिलावासाठी असं स्वरूप कुणी ठरवल्याचं माझ्या तरी माहितीत नाही. ते नाशिक जिल्ह्यानं ठरवलं तर सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि मध्य प्रदेशातल्या मंड्या तेच घेतील, असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता, ही गोष्ट कांद्यापुरती नाही हेही नोंदवतो. पावसाळ्यात ‘गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला’ हा निरोप नाशिकभर फिरतो आणि त्यात पुष्कळदा वर्षच नसतं. रामकुंडावर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचा जुना फोटो नवा म्हणून येतो आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. २०२७ च्या सिंहस्थात देशभरातून येणारी माणसं वाट, घाट, पाणी, बस सगळं फोनलाच विचारणार आहेत. त्या खात्यांना मी वेगळं लिहीन. पण तुम्ही आधी केलंत तर त्यांना दाखवायला जिल्ह्यातलंच उदाहरण हाताशी असेल.

तेव्हा माझी विनंती अशी. येत्या संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या. सगळ्या समित्यांच्या सचिवांनी एकदा एकत्र बसून रकाने, आवारांचे क्रमांक आणि मालाची नावं ठरवावीत, लासलगाव आणि पिंपळगावनं त्यात पुढाकार घ्यावा. पहिल्या महिन्यात फक्त ‘चालू की बंद’ ही फाईल निघाली तरी चालेल. भावाची फाईल उन्हाळ कांद्याची आवक वाढायच्या आत, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, किमान एका मुख्य आवारात सुरू व्हावी. फाईलचा नमुना, जुन्या फॉण्टमधल्या पीडीएफचं युनिकोड करून देणं आणि पहिली एमसीपी जोडणी, ही कामं मी आणि माझे दोन सहकारी सुट्टीच्या दिवशी विनामूल्य करून देऊ. तुम्ही बोलवाल त्या आवारात, लिलावाच्या वेळेला, येऊन उभे राहू.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा उत्पादक आणि संगणक अभियंता,
नाशिक